डब्यावरची तिरकी अक्षरं

सॅन फ्रान्सिस्को,
रविवार, ११ मार्च १९७३

ती. काकांच्या सेवेशी,
सुकयीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. आमच्या ऑफिसात ज्या चाउमीनच्या डब्याची जाहिरात चालली आहे, त्यावर लांब वेणीवाल्या चिनी माणसाचं चित्र आहे असं मी लिहिलं होतं. ते चित्र आता नाही. पहिल्या कच्च्या नमुन्यात होतं, तेच माझ्या डोक्यात राहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर दुसऱ्या दिवशी मी नमुना पुन्हा नीट पाहिला. चित्र कुणीतरी आधीच काढून टाकलेलं होतं. माणूस नाही, टोपी नाही, जेवायच्या काड्या नाहीत. फक्त अक्षरं आहेत. माझं पत्र ऐकून काकूंनी ऑफिसच्या लोकांना चार शिव्या घातल्या असतील तर त्यातल्या दोन परत घ्यायला सांगा. उरलेल्या दोन अक्षरांसाठी राहू द्या.

अक्षरं इंग्रजीच आहेत. पण प्रत्येक रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला सुरीसारखी निमुळती, सगळी जराशी कललेली, बांबूचे तुकडे तोडून जुळवल्यासारखी. तुम्हाला काय सांगायचं? स्टॉकटनमधल्या निम्म्या चिनी हॉटेलांच्या पाट्यांवर ती तुमच्याच हातची होती. म्हणून तर हे पत्र.

आमच्या चित्रविभागाचे मुख्य, हॉलिससाहेब, यांनी ती अक्षरं मला काढायला सांगितली. म्हणाले, तुझ्याहून चांगली कोण काढणार? हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, ते मुद्दाम लिहिते, कारण मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. मी म्हटलं, मला ही अक्षरं बरी वाटत नाहीत. त्यांनी विचारलं, का? आणि काका, मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, चिडवल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, कोण कुणाला चिडवतंय? टेक्सासच्या मांसाच्या डब्यावर गुराख्याच्या दोरीसारखी अक्षरं असतात, ती बघून टेक्सासचे लोक रडत बसतात का? सगळे हसले. मीही हसले, आणि घरी आल्यावर मला माझ्या हसण्याचा राग आला.

मग ते म्हणाले की ठीक आहे, आपण चिनी लोकांनाच विचारू. डेल नावाचा आमच्याकडे एक तरुण आहे, तो हॉटेलांतून फिरून मतं गोळा करणार आहे. मला वाटतं तो इथल्याच चायनाटाउनमध्ये जाईल.

मला काळजी आहे ती तुमची. शाळेत जाण्याआधी तुम्ही मला तुमच्या रंगाच्या बाकाशी बसवून लिहायला शिकवलंत. उद्या मी चारचौघांत म्हणाले की ही अक्षरं आपला अपमान करतात, तर तुमच्या पाट्यांचं काय? तुम्हाला दुखवायचं माझ्या जिवावर येतं. पण तुम्हाला सांभाळायचं म्हणून खोटं बोलणंही मला जमणार नाही. म्हणून आधी तुम्हालाच विचारते. मी बोलू का?

खारवलेली बदकाची अंडी पोचली. एक फुटलं होतं, ते त्याच दिवशी खाल्लं. काकूंना नमस्कार.

उत्तर लवकर द्यावं, आणि ते काही असलं तरी माया आटू देऊ नये.

आपली,
सुकयी


स्टॉकटन,
१९ मार्च १९७३

चि. सुकयीस अनेक उत्तम आ.

तुझं पत्र पोचलं. शिव्या परत घ्यायला काकूनं नकार दिला आहे. ती म्हणते, एकदा दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसत नाही.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुझ्या ओळी उजवीकडे घसरत गेल्या आहेत. मनगट टेकवून लिहितेस की काय? हे मी तुला सहाव्या वर्षी सांगितलं होतं.

आता तुझी अक्षरं. वेणीवाला माणूस आहे असं वाटलं तोवर मीही तापलो होतो. आता म्हणतेस, फक्त अक्षरं. अगं, मग माझ्याच अंगावर का येतेस?

लौ म्हाताऱ्यानं हॉटेल उघडलं तेव्हाची गोष्ट तू ऐकली नाहीस. त्याची पहिली पाटी साध्या सरळ अक्षरांत होती. गोरी माणसं पाटी वाचायची आणि पुढे जायची. कुणाला वाटायचं धोबी आहे, कुणाला वाटायचं जुगाराचा अड्डा. मग छपाईवाल्यांचा एक माणूस नमुन्यांचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, त्यात ही अक्षरं होती. कुणा गोऱ्यानंच कधीतरी काढलेली. मी ती उतरवून घेतली आणि लौच्या दारावर रंगवली, लाल आणि सोनेरी. आठवडाभरात बंदरावरची माणसं आत येऊन बसायला लागली. ती अक्षरं त्यांनी वाचायची नव्हतीच, रस्त्याच्या पलीकडून ओळखायची होती. दिसली की कळायचं, इथं गरम मिळतं, पोटभर मिळतं, आणि आत आपल्याला कुणी कापून खाणार नाही. लौ अख्खं भाजलेलं बदक घेऊन घरी आला होता. त्यानंतर सगळ्यांना तशीच पाटी हवी झाली.

आपल्याबद्दल त्यांनी जे वेडंवाकडं ठरवून ठेवलं होतं, तेच मी रंगवून त्यांना दाखवलं आणि आत बोलावलं. यात कोण कुणाला चिडवत होतं, तूच सांग. मला तर वाटायचं, मीच त्यांना चिडवतोय. तुझे शाळेतले बूटसुद्धा त्याच अक्षरांनी आणले, आणि ते तुला कधी चावले नाहीत.

तेव्हा बोलायचं तर बोल. मी काही काचेचा नाही. पण माझं मत विचारशील तर, एका डब्यापायी चांगल्या जागेवरून उठू नकोस.

हो, सांगायचं राहिलं. शुक्रवारी तुमचा तो डेल इथं येऊन गेला. तुझं आडनाव धरून शोधत आला म्हणे. दारातच कमरेत वाकला, जपान्यांसारखा, पण भाव चांगला होता. काकूनं अंड्याचे टार्ट केले होते, चार खाल्ले. लौच्या पाटीपुढे उभं करून माझा फोटो काढला. तुझी फार स्तुती करत होता. फार हुशार आहे, फार जाण आहे, तिला ही अक्षरं खटकतात, वगैरे. अशा वेळी घरच्या वडीलधाऱ्यानं जे बोलायचं ते मी बोललो. घराण्याची लाज राखली. जाताना त्याला संत्री दिली.

गरम कपडे घाल. लोभ आहेच, तो काही डब्यात भरून पाठवता येत नाही.

तुझा,
थोरला काका


सॅन फ्रान्सिस्को,
शनिवार, २४ मार्च १९७३

ती. काकांच्या सेवेशी,
सुकयीचा सा. न. वि. वि.

घराण्याची लाज तुम्ही कशी राखलीत, ते मला काल बैठकीत कळलं.

सगळे टेबलाभोवती बसले होते. डेलनं कागद काढले आणि चिनी माणसांची मतं वाचून दाखवली. इथल्या हॉटेलवाल्यांना त्यानं विचारलं होतं, त्या सगळ्यांनी अक्षरं छान आहेत असं सांगितलं. का नाही सांगणार? तो त्यांच्याकडे जेवायला बसला होता. ताटावर बसलेल्या गिऱ्हाइकाला कोण नाही म्हणतं? ते मी सोडून देते. मग तो म्हणाला, आता सर्वांत महत्त्वाचं मत. श्री. माह ताक-याव, स्टॉकटनचे जुने पाटी रंगवणारे, आपल्या मिस माह यांचे सख्खे काका. त्यांना मी म्हटलं की तुमच्या पुतणीला ही अक्षरं खटकतात, आणि तिला यातलं फार कळतं असं आम्हाला वाटतं. त्यावर ते म्हणाले, तिला काय कळतंय! मूर्ख पोर आहे. हात जड आणि डोकं रिकामं. तिचं काही मनावर घेऊ नका, चुकली तर खुशाल कान धरा.

शब्दन्‌शब्द लिहून घेतला होता त्यानं, काका.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे असे कनवाळूपणानं बघायला लागले, की बिचारीला घरी काय काय सोसावं लागत असेल. बैठक संपल्यावर हॉलिससाहेबांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी त्यांना आणि डेलला समजावण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, आमच्यात पाहुण्यानं घरच्या मुलाची स्तुती केली की ती झाडून टाकायची असते. जितकी माया जास्त, तितकं वाईट बोलायचं. लौ आजोबांनी आपल्या डॉक्टर झालेल्या नातवाला भर पंगतीत, हा कोंबडी कापायच्याही लायकीचा नाही, असं म्हटलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकांना मी खरंच मूर्ख वाटत असते तर ते पाहुण्याशी हवेपाण्याबद्दल बोलले असते. माझं सगळं बोलून झाल्यावर डेलनं विचारलं, म्हणजे ते बोलले ते खोटं होतं का? मी म्हटलं, खोटं नाही. मग खरं? मी म्हटलं, खरंही नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं की मग मी लिहायचं तरी काय. त्याला खरोखरच कळत नव्हतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

आता पुढचं ऐका. पुढच्या महिन्यात डबेवाल्या कंपनीची माणसं येणार आहेत. त्यांना मी काढलेली अक्षरं दाखवायची. आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत खाली लहान मजकूर घालायचा की अक्षरं काढली आहेत मिस सुकयी माह यांनी, चिनी पाटीवाल्यांच्या घराण्यातल्या. शेजारी तुमचा फोटो, पाटीपुढे उभे, हसताना. म्हणजे ही कसली अक्षरं असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार. त्यांचीच आहेत, त्यांनाच विचारा. हात माझा आणि तोंड तुमचं.

मी काढली नाहीत तर जागा राहील असं वाटत नाही. हॉलिससाहेब तसं म्हणालेले नाहीत, हे लिहायला हवं. ते एवढंच म्हणाले की प्रत्येकानं आपापलं काम केलं तर कसलाच प्रश्न नाही.

काकूंच्या टार्टना मी काही म्हणत नाही. पण चार?

रागात लिहिलं आहे. तरी लोभात खंड पडू देऊ नये.

आपली,
सुकयी


स्टॉकटन,
२८ मार्च १९७३

चि. सुकयीस आ.

(अनेक आणि उत्तम हे दोन शब्द आज मुद्दाम गाळले आहेत.)

मग मी काय बोलायला हवं होतं? होय हो, आमची पोर म्हणजे नुसतं रत्न, असं? कुणाच्या तोंडून निघेल ते? तुझे आजोबा थडग्यातून उठून माझ्या कानफटात देतील. तो पोरगा आमच्या घरात बसून टार्ट खातो आणि घरातलं बोलणं कागदावर उतरवून नेतो! काकू म्हणते, चौथा द्यायलाच नको होता. मी म्हणतो, संत्रीही.

आणि तुझंही मला समजत नाही, मुली. एकीकडे माझ्या पाट्यांना अपमान म्हणतेस, दुसरीकडे मी तुझी स्तुती केली नाही म्हणून रुसतेस. कशाची स्तुती करायला हवी होती? माझी अक्षरं वाईट आहेत हे तुला कळलं, त्याची?

फोटो जाहिरातीत जाणार हे मला माहीत नव्हतं. पण खरं सांगतो, तुझ्या पत्रात ते वाचलं आणि घटकाभर बरं वाटलं. मी चांगली टोपी घातली होती. हमरस्ता आला तेव्हा आपली सगळी आळी पाडली, माझ्या पाट्या भंगारात गेल्या, त्यांचा फोटो काढायला कुणी आलं नव्हतं. उरलेल्या एकीपुढे त्यानं मला उभं केलं आणि हसा म्हणाला. मी हसलो.

मी येऊन तुझ्या साहेबाला सांगू का? बसनं येतो. पण काय सांगू? मला ती अक्षरं आवडतात. तिथं उभं राहून आवडत नाहीत म्हणायला मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

राग आहे तेवढाच लोभही आहे, दोन्ही वजन करून घे.

तुझा,
थोरला काका


सॅन फ्रान्सिस्को,
रविवार, १ एप्रिल १९७३

ती. काकांच्या सेवेशी,
सुकयीचा सा. न. वि. वि.

तुम्ही येऊ नका. आवडत नाहीत असं तुम्ही खोटं सांगावं ही माझी इच्छा नाही. कशाची स्तुती, असं तुम्ही विचारलंत, ते बरोबर विचारलंत. तो प्रश्न मला दोन दिवस पुरला.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. शाळेतल्या पहिल्याच वर्षी मुलांनी माझ्या बाकावर खडूनं माझं नाव लिहिलं, त्या अक्षरांत. शिवी नव्हती, तिरके डोळे काढले नव्हते. फक्त माझं नाव. मी बाईंना दाखवलं तर बाई म्हणाल्या, अगं, तुझंच तर नाव आहे, आणि किती छान काढलंय! खरंच छान काढलं होतं. मला तक्रार करायला जागाच राहिली नाही. तुमच्याजवळ बसून मी वर्षभर ते नाव सरळ लिहायला शिकले होते. त्यांनी त्याला सोंग चढवलं आणि मला परत दिलं. घरी आले तेव्हा तुम्ही लौ आजोबांची पाटी नव्यानं रंगवत होतात. तीच अक्षरं. मी ब्रश धुवायला बसले. हा तुमच्यावर आरोप नाही. झालं तेवढं लिहिते.

दुसरी गोष्ट. गुरुवारी मी ती अक्षरं काढून बघितली. एकदाही न काढता नाही म्हणणं मला बरोबर वाटेना. काका, हात थांबलाच नाही. कुठं दाबायचं, कुठं उचलायचं, सगळं त्याला माहीत होतं. सुंदर आली. हॉलिससाहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बघ, हे तुमच्या रक्तातच आहे. मला ओरडावंसं वाटलं, की रक्तात नाही हो, काकांच्या बाकावर आहे! ओरडले नाही. कागद खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

मग मला वाटलं, जी अक्षरं काढताना माझ्या हाताला आनंद होतो ती मला डब्यावर का नकोत? मी तो चाउमीनचा डबा विकत आणून उघडला. मका, गाजर आणि गोडसर गोंद. जिथं तो भरतात त्या कारखान्यात आपलं एकही माणूस कामाला नाही, हे मी फोन करून विचारून घेतलं. तुम्ही लौ आजोबांच्या दारावर अक्षरं रंगवलीत तेव्हा दाराच्या आत लौ आजोबा होते. कुणाला चिडवायचं असेल तर तो आत येऊन चिडवू शकत होता, आणि ते झारा घेऊन त्याच्या अंगावर धावू शकत होते. धावलेही होते एकदा, तुम्हीच सांगितलंत. या डब्यात कोण आहे? नाव आमचं, सोंग आमचं, आणि आत गोंद. हे मला हॉलिससाहेबांना त्या दिवशी सांगता आलं नाही. आता सांगता येईल असं वाटतं, पण तुमचं म्हणणं त्यांच्या कागदावर असेतोवर माझं कोण ऐकणार?

तुम्ही म्हणता, तुम्ही त्यांना चिडवत होतात. असेलही. त्यांना ते कळलं नाही, काका. त्यांना वाटलं, चिनी माणसं अशीच असतात.

पुढच्या रविवारी चिंगमिंगच्या सणाला थडगी साफ करायला येते आहे. भाजलेलं डुकराचं मांस इथून आणू का, ते काकूंना विचारून कळवा. आणि एक विनंती. आजोबांच्या थडग्यापाशी सगळ्यांसमोर हा विषय काढू नका. तिथं मी रडेन, आणि कुणाला वाटेल आजोबांसाठी रडते.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेवावा.

आपली,
सुकयी


स्टॉकटन,
१० एप्रिल १९७३

चि. सुकयीस अनेक उत्तम आ., मागच्या खेपेला गाळलेलेही धरून.

तू सांगितलंस म्हणून रविवारी विषय काढला नाही. गवत उपटलं, चहा ओतला, आजोबांसाठी खोट्या कागदी नोटा जाळल्या, मांस कापलं, आणि तोंडाला कुलूप. काकू दर थोड्या वेळानं मला कोपरानं ढोसत होती, ते तुला दिसलं असेल. बसथांब्यावर बोलणार होतो, तर तू माझा मफलर नीट बांधत बसलीस आणि बस आली.

बाकावरचं नाव मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तू ब्रश धुतलेस ते आठवतंय का म्हणून डोकं खाजवून बघितलं. नाही आठवत. तू रोजच धुवायचीस. सांगितलं असतंस तर मी पाटी अर्धी सोडली असती का? नसती सोडली. लौ दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. पण तुझ्या शाळेत आलो असतो. ओलं फडकं घेऊन आलो असतो आणि त्या बाईंसमोर बाक पुसला असता. एवढं नक्की.

सोबत एक कागद आहे. त्याचं इंग्रजी लायब्ररीतल्या बाईंनी नीट करून दिलं. आधीचे चार कागद फुकट गेले. परक्यापुढे आपल्या पोरीबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे भर रस्त्यात कपडे बदलण्यासारखं आहे. शेवटी काकू म्हणाली, तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते. ती किती लिहील या भीतीनं मी लिहून टाकलं. तुझ्यासाठी आपल्या भाषेत पुन्हा लिहितो:

मी, माह ताक-याव, पाट्या रंगवणारा. तुमचा माणूस माझ्या घरी आला तेव्हा मी माझ्या पुतणीला मूर्ख म्हणालो. ती आमची पाहुण्याशी बोलायची रीत आहे. ते माझं मत नव्हतं. माझी पुतणी मूर्ख नाही. अक्षरांची तिला माझ्याइतकी जाण आहे. ही अक्षरं मी आयुष्यभर रंगवली आणि मला ती आवडतात. तिला आवडत नाहीत. तिची कारणं मी ऐकून घेतली आहेत. माझा फोटो वापरू नये.

माझ्याइतकी, असंच लिहिलं आहे. माझ्यापेक्षा जास्त, असं लिहायला मला अजून दहा वर्षं लागतील, तेवढा जगलो तर बघू.

मला ती आवडतात, हे वाक्य काढा म्हणू नकोस. काढणार नाही. तुझी अडचण होत असेल तर कागदाला तिथं घडी घालून दाखव. तेवढी सूट देतो.

काकू विचारते, जागा गेली तर घरी येशील ना? मी म्हटलं, येईल नाहीतर काय करील. हे बरोबर बोललो का, ते कळव.

लोभ पूर्वी होता तेवढा, वर रविवारच्या मफलरचा थोडा.

तुझा,
थोरला काका


सॅन फ्रान्सिस्को,
रविवार, १५ एप्रिल १९७३

ती. काकांच्या सेवेशी,
सुकयीचा सा. न. वि. वि.

कागद पोचला. किती वेळा वाचला ते लिहीत नाही, तुम्हाला लाज वाटेल.

घडी घालणार नाही. दोन दिवस घालावी की नाही याचा विचार करत होते, ते खरं. अर्धा कागद दाखवला असता तर माझं काम फार सोपं झालं असतं. पण मग डेलनं जे केलं त्यात आणि माझ्यात फरक काय उरला? त्यानंही तुमचं बोलणं त्याला हवं तेवढंच उचललं होतं. मी सगळं वाचून दाखवेन, तुम्हाला आवडतात इथपर्यंत आणि त्याच्या पुढेही. हॉलिससाहेब म्हणतील, बघ, तुझ्या काकांनाही आवडतातच की. मी म्हणेन, हो, आवडतात. आमचं यावर भांडण आहे, आणि ते आमचं आम्ही भांडू. त्यातलं निम्मं उचलून डब्यावर लावू नका.

खणातला कागद मी घरी आणला आहे. हॉलिससाहेबांना विचारूनच आणला. सरावासाठी काढला होता असं सांगितलं, आणि ते खरं आहे. त्याच्या जागी दुसरा नमुना केला आहे, साध्या सरळ अक्षरांचा. तो कंपनीला पटेल असं मला वाटत नाही. ते तिरकी अक्षरं दुसऱ्या कुणाकडून काढून घेतील आणि डबा बाजारात येईल, हेही मला दिसतं आहे. मला फार चीड येते, काका. एवढा सगळा खटाटोप आणि शेवटी डबा तसाच. पण खाली माझं नाव नसेल, आणि शेजारी तुमचं हसणं नसेल. इतकंच माझ्या हातात आहे, आणि ते मी सोडणार नाही.

भीती वाटते. तीन दिवस भाताची पेजच घेते आहे. बोलताना माझा आवाज चिरकला तर त्यांना वाटेल ही रागावली आहे, आणि नाही चिरकला तर वाटेल हिला एवढं काही लागलेलं नाही. दोन्हींपैकी काय बरं, ते ठरवता आलं नाही, म्हणून ते सोडून दिलं.

जागा गेली तर घरी येईन. तुम्ही बरोबर बोललात. पण लगेच येणार नाही, आधी इथेच दुसरीकडे विचारून बघेन. काकूंना तसं सांगा, म्हणजे त्या खोली झाडायला घेणार नाहीत.

मनगट न टेकवता लिहिलं आहे. ओळी बघाव्यात.

लोभ भांडणासकट चालू राहू द्यावा.

आपली,
सुकयी

ता. क. कंपनीची माणसं कधी येणार तो दिवस कळवायचा राहिलाच. त्यांच्यासमोर मी बोलणार आहे बुधवारी, १८ एप्रिलला.